नियम भिंतीवर, पासवर्ड डायरीत: ऑफिसात सायबर सुरक्षा का पाळली जात नाही?

(हे या भागाचं लिखित रूप आहे. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही किंवा ज्यांचं नेटवर्क जंगलाच्या रस्त्यावर गायब होतं, त्यांच्यासाठी. बोलण्यातले "म्हणजे", "तर" थोडे कमी केलेत, बाकी तसंच आहे.)

राजुऱ्याहून बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जणांचा अंगठा "पुढचा भाग" कडे जाईल, मला माहीत आहे. विषय आहे ऑफिसातल्या सायबर सुरक्षेचे नियम, आणि लोकांना ते पाळायला कसं लावायचं. पण थांबा. तुमच्यातले बरेच जण आता पहिल्या-दुसऱ्या नोकरीत आहेत. कोणी पतसंस्थेत, कोणी सिमेंट कंपनीच्या स्टोअरमध्ये, कोणी दवाखान्याच्या बिलिंग काउंटरवर, कोणी सेतू केंद्रात. उद्या काही घोळ झाला, तर पहिला प्रश्न विचारला जाईल: "कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं?" म्हणून हा विषय तुमचा आहे.

आधी एक खरी घटना, आपल्याच महाराष्ट्रातली.

कॉसमॉस बँक, ऑगस्ट २०१८

पुण्याची कॉसमॉस को-ऑपरेटिव्ह बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकेला सुट्टी. त्या दिवशी काही तासांत जगातल्या २८ देशांमधल्या एटीएममधून या एका बँकेच्या कार्डांवर पैसे काढले गेले. १२ हजारांवर व्यवहार, सुमारे ७८ कोटी रुपये. भारतातही वेगवेगळ्या शहरांत, कोल्हापुरातसुद्धा, २,८०० च्या वर व्यवहार झाले आणि साधारण अडीच कोटी गेले. मग सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट यंत्रणेतून जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या पुढे.

हे झालं कसं? एटीएममध्ये कार्ड टाकलं की ते मशीन बँकेला विचारतं, "याच्या खात्यात पैसे आहेत का, देऊ का?" हा प्रश्न "स्विच" नावाच्या सर्व्हरमधून बँकेच्या मुख्य सिस्टिमकडे, म्हणजे कोअर बँकिंगकडे जातो. चोरांनी मालवेअर घुसवून मधेच एक नकली स्विच उभा केला. प्रश्न मुख्य सिस्टिमपर्यंत पोचायचाच नाही. नकली स्विच परस्पर उत्तर द्यायचा, "हो, देऊन टाक." गावाकडच्या भाषेत सांगायचं तर मालक घरात झोपलेला, आणि दारात उभा असलेला भलताच माणूस मालकाच्या आवाजात "घेऊन जा" म्हणतोय.

ग्राहकांच्या खात्यातले पैसे सुरक्षित आहेत असं बँकेने तेव्हा सांगितलं. तरी एटीएम आणि ऑनलाइन सेवा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी मोठी गँग, तिथे आपला पासवर्ड काय करणार? इथे शेजारच्या देशातलं दुसरं उदाहरण बघा.

फेब्रुवारी २०१६, बांगलादेशची मध्यवर्ती बँक. चोरांनी ८ कोटी १० लाख डॉलर पळवले. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१८ मध्ये दाखल केलेल्या कागदपत्रांत सुरुवात कुठून झाली ते लिहिलंय: नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या माणसाच्या नावाने आलेले ईमेल, आणि त्यात बायोडेटाची लिंक. बस्स. एवढ्या मोठ्या दरोड्याचं दार बायोडेटाच्या लिंकने उघडलं. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. चोरी झाली त्या वेळी बँकेतला एक प्रिंटर बंद पडला. स्विफ्टचे व्यवहार छापणारा प्रिंटर. तिथल्या लोकांना वाटलं, प्रिंटर आहे, बंद पडतोच. शुक्रवार होता, तिकडे साप्ताहिक सुट्टी. प्रिंटर मालवेअरनेच बंद पाडला होता, हे कळेपर्यंत पैसे गेलेले होते.

दोन्ही घटना सुट्टीला धरून झाल्या. आणि दुसऱ्या घटनेत विचित्र काहीतरी दिसलेलं माणसाला होतं, फक्त ते पुढे सांगण्यासारखं वाटलं नाही. सायबर सुरक्षेतला माणसाचा भाग इथे आहे.

नियम कोणते पाळले जातात?

आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. भूमिगत कोळसा खाणीत काडेपेटी, लायटर, बिडी घेऊन उतरता येत नाही. उतरण्याआधी झडती होते. हा नियम खाणीतला माणूस मुकाट पाळतो. काऊन? तीन कारणं आहेत. एक, कारण सगळ्यांना माहीत आहे: खाली मिथेन वायू असू शकतो आणि एक ठिणगी पुरेशी आहे. दोन, नियम सगळ्यांना सारखा आहे, हेल्पर असो की मॅनेजर. तीन, नियम पाळल्याने काम अडत नाही. बिडी वर ठेवून कोळसा काढता येतो.

आता याच्या उलट उदाहरण. आपल्या राजुरा परिसरात आरटी-१ वाघाची दहशत होती ते दिवस आठवा. ऑक्टोबर २०२० मध्ये तो पकडला गेला, तोपर्यंत त्याने अनेकांचे जीव घेतले होते. वनविभाग सांगायचा, जंगलात एकटं जाऊ नका. लोकांना वाघाची भीती नव्हती का? होती, चांगलीच होती. तरी लोक जात होते. कारण चूल पेटवायला सरपण लागतं, गुरं चारायला न्यावी लागतात, शेत जंगलाला लागून आहे. नियम कळत होता, पण नियम पाळून पोट भरत नव्हतं. अशा वेळी "जाऊ नका" चा बोर्ड आणखी मोठा करून उपयोग नसतो. सरपणाऐवजी गॅस, एकट्याऐवजी टोळीने जाणं, असा दुसरा रस्ता द्यावा लागतो.

ऑफिसातले सायबर नियम बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारात मोडतात. भिंतीवर लिहिलेलं असतं, "पासवर्ड कोणालाही सांगू नका." आणि साहेब बाहेर असताना काउंटरवर रांग लागते.

साहेबांचा पासवर्ड

बँकेत, पतसंस्थेत "मेकर-चेकर" पद्धत असते. एक जण एन्ट्री करतो, दुसरा तपासून पास करतो. दोन वेगळी माणसं, दोन वेगळे आयडी. एकट्याला घोळ करता येऊ नये म्हणून. आता समजा, चेकर साहेब मीटिंगला चंद्रपूरला गेलेत. बाहेर रांग आहे, एक म्हातारे आजोबा सकाळपासून ताटकळत बसलेत. साहेब फोनवर म्हणतात, "अरे, माझा पासवर्ड डायरीत आहे, करून टाक."

मुलगा काय करेल? नाही म्हटलं तर साहेब नाराज, रांग नाराज, आजोबा उपाशी. हो म्हटलं तर सगळे खूश. म्हणून तो पासवर्ड वापरतो. त्याला आपण बेजबाबदार म्हणायचं का? मला नाही वाटत. त्या जागेवर जो बसेल तो हेच करेल, आणि रोज करेल.

पण या सोयीची किंमत कोण देतो ते बघा. दोन माणसांचं कुलूप होतं, ते आता एका माणसाच्या हातात आलं. त्या कॉम्प्युटरमध्ये मालवेअर आला की चोराला दोन्ही किल्ल्या एकाच खिशात मिळतात. आणि घोळ झाला तर लॉगमध्ये साहेबांचं नाव दिसेल, पण कॅमेऱ्यात तुम्ही दिसाल. साहेब म्हणतील, "मी तर चंद्रपुरात होतो." फोनवर "करून टाक" म्हटल्याचा पुरावा कुठे आहे? दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिक हेतूने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. तुमचा हेतू साफ होता हे सिद्ध करत बसण्याची वेळ तुमच्यावर येते. स्वतःचा आयडी, स्वतःचा पासवर्ड, उठताना स्क्रीन लॉक: हे कंपनीसाठी नंतर, आधी तुमच्या स्वतःच्या बचावासाठी आहे.

नियम करणारेही चुकतात

आता नियम बनवणाऱ्यांच्या बाजूला येऊ. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि आमच्या क्षेत्रात एक वाईट सवय आहे: काहीही झालं की "युजर मूर्ख आहे" म्हणायचं. १९९९ सालीच अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सास या दोन संशोधकांनी एक लेख लिहिला होता, ज्याच्या नावाचाच अर्थ होता "युजर हा शत्रू नाही". त्यांचं म्हणणं साधं होतं: लोक पासवर्ड लिहून ठेवतात, कारण व्यवस्थेने त्यांच्यावर लक्षात ठेवता येणार नाहीत इतके पासवर्ड लादलेत.

पुढे २००८ मध्ये सास आणि सहकाऱ्यांनी आणखी एक कल्पना मांडली. प्रत्येक कर्मचाऱ्याकडे नियम पाळण्याचं एक ठरावीक "बजेट" असतं. मोबाइलच्या रोजच्या डेटा पॅकसारखं समजा. प्रत्येक नियम त्यातलं थोडं खातो. फालतू नियमांवर सकाळीच पॅक संपला, तर संध्याकाळी जो खरा महत्त्वाचा नियम आहे त्यासाठी काही उरत नाही.

फालतू नियमाचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे "दर ९० दिवसांनी पासवर्ड बदला, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हवं". हा सल्ला पसरला तो मुख्यतः अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेच्या २००३ च्या सुमाराच्या मार्गदर्शिकेमुळे. लोकांनी काय केलं? शेवटी १ होता तिथे २ केला, मग ३. २०१७ मध्ये निस्टने स्वतःच हे बदललं: उगाच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, लांब पासवर्ड ठेवू द्या, आणि तो फुटल्याची शंका आली की मात्र लगेच बदला. जुनी मार्गदर्शिका लिहिणाऱ्या बिल बर यांनीही त्याच वर्षी जाहीरपणे खेद व्यक्त केला. म्हणजे इतकी वर्षं जगभरच्या ऑफिसांनी लोकांचं बजेट अशा नियमावर उडवलं ज्याचा फायदा जवळजवळ नव्हताच.

ट्रेनिंग दिलं की झालं?

बऱ्याच कंपन्यांचा उपाय ठरलेला असतो. वर्षातून एकदा व्हिडिओ दाखवा, शेवटी दहा प्रश्न, सर्टिफिकेट. किंवा मुद्दाम नकली फसवा ईमेल पाठवा आणि जो क्लिक करेल त्याला धडा दाखवा.

याचा उपयोग किती, हे मोजलं गेलंय. अमेरिकेत यूसी सॅन डिएगो हेल्थ या मोठ्या आरोग्य संस्थेत १९,५०० हून जास्त कर्मचाऱ्यांवर ८ महिने प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये मांडले गेले. ट्रेनिंग मिळालेले आणि न मिळालेले यांच्या फसण्याच्या प्रमाणात फरक होता फक्त १.७ टक्के. स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिक विद्यापीठाने एका कंपनीत १४ हजारांवर कर्मचाऱ्यांवर १५ महिने अभ्यास केला, तो २०२१ मध्ये समोर आला. क्लिक केल्यावर लगेच धडा दाखवण्याच्या पद्धतीने लोक जास्त सावध झालेच नाहीत.

पण याच दुसऱ्या अभ्यासात एक आशेची गोष्ट सापडली. कर्मचाऱ्यांना ईमेलमध्ये एक बटण दिलं होतं: "हे संशयास्पद वाटतंय, कळवा." लोक ते वापरत राहिले, महिनोन् महिने, कंटाळले नाहीत. आणि नवा फसवा ईमेल आला की काही मिनिटांत कोणीतरी कळवायचंच. एकाने ओळखलं की बाकीच्या हजारोंना वाचवता येत होतं.

म्हणून माझं मत असं: "कोणीही कधीच क्लिक करू नये" हे ध्येय सोडून द्या. थकलेला, घाईतला माणूस कधीतरी क्लिक करणारच. ध्येय हे ठेवा की ज्याने क्लिक केलं, तो पाच मिनिटांत स्वतःहून सांगेल. त्यासाठी त्याला भीती वाटता कामा नये. विमान क्षेत्रात हे फार आधी कळलं. अमेरिकेत १९७६ पासून नासा अशी एक व्यवस्था चालवते, जिथे पायलट आणि इतर लोक चुका आणि थोडक्यात टळलेले अपघात गोपनीयपणे कळवतात. कळवणाऱ्याला झोडपलं तर पुढच्या वेळी कोणी कळवणार नाही, इतकं साधं गणित आहे.

आपल्याकडे वेळेचं महत्त्व कायद्यातही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार, ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. आणि पैसे गेले असतील तर १९३० हा हेल्पलाइन नंबर आहे. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम मधेच गोठवता येण्याची शक्यता जास्त. साहेब ओरडतील म्हणून दोन दिवस गप्प बसलेला कर्मचारी, ही चोरासाठी लॉटरी आहे.

मग करायचं काय?

ज्यांच्या हातात थोडे अधिकार आहेत, म्हणजे ब्रँच मॅनेजर, दुकानाचा मालक, संस्थेचा सचिव, त्यांच्यासाठी पाच गोष्टी.

पहिली, नियम कमी करा आणि प्रत्येक नियमाला "का" जोडा. चाळीस पानांच्या इंग्रजी पीडीएफवर सही घेणं म्हणजे पॉलिसी नव्हे. पाच नियम, मराठीत. आपल्याकडे तेलुगू बोलणारे, हिंदी बोलणारे कामगार आहेत, त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेत.

दुसरी, बरोबर रस्ता सगळ्यात सोपा करा. साहेब बाहेर जाणार असतील तर त्या दिवसापुरता दुसरा चेकर सिस्टिममध्ये अधिकृतपणे नेमा. पेनड्राइव्ह बंद करायचा असेल तर आधी फाइल द्यायला-घ्यायला शेअर्ड फोल्डर द्या. पासवर्ड जास्त असतील तर पासवर्ड मॅनेजर द्या, नाहीतर डायरी उघडणारच.

तिसरी, सुरुवात वरून. खाणीच्या तोंडाशी मॅनेजरचीही झडती होते, तसं. साहेबांनी दोन टप्प्यांचं लॉगिन "मला नको, कटकट आहे" म्हणून बंद करून घेतलं, की ऑफिसला खरी पॉलिसी कळली.

चौथी, "नाही" म्हणण्याची परवानगी लेखी द्या. साहेबांचा फोटो डीपीला लावून अनोळखी नंबरवरून मेसेज येतो: "मीटिंगमध्ये आहे, फोन करू नको, या खात्यात लगेच पैसे टाक." ही फसवणूक चालते ती साहेबाला उलट विचारायची हिंमत नसते म्हणून. नोटीस बोर्डवर लावा: पैशाचा कोणताही आदेश मेसेजवर आला तर जुन्या, माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं. विचारल्याबद्दल कोणीही रागावणार नाही. आणि खरोखर साहेबांचाच मेसेज असला, तरी विचारणाऱ्याला शाबासकी द्या. त्या एका शाबासकीने जे होतं ते दहा व्हिडिओंनी होत नाही.

पाचवी, कळवायचा एकच नंबर ठेवा, आणि तो रविवारीही उचलला गेला पाहिजे. दुसरा शनिवार आठवा.

आणि ज्यांच्या हातात काहीच अधिकार नाहीत, म्हणजे आपण बहुतेक सगळे? आपणही तीन गोष्टी करू शकतो. स्वतःचा आयडी कोणाला द्यायचा नाही, दुसऱ्याचा घ्यायचा नाही. साहेबांनी पासवर्ड देऊ केला तर भांडू नका, सरळ म्हणा, "सर, एन्ट्री तुमच्या नावावर पडेल, उद्या तुम्हालाच त्रास होईल. दुसऱ्या सरांकडून पास करून घेऊ का?" हे त्यांच्याही भल्याचं आहे, आणि तसंच सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात. दुसरं, चलान किंवा योजनेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल ऑफिसच्या फोनमध्येच काय, स्वतःच्या फोनमध्येही टाकू नका. कारण ऑफिसचे ओटीपी त्याच फोनवर येतात. तिसरं, काही विचित्र दिसलं, कॉम्प्युटर एकदम मंद, माउस आपोआप हलतोय, प्रिंटर उगाच बंद, तर सांगा. नऊ वेळा काहीच निघणार नाही. दहाव्या वेळेसाठी सांगायचं.

शेवटी एवढंच. सहकारी बँकेत, पतसंस्थेत जो पैसा असतो तो कापसाच्या चुकाऱ्याचा, लग्नासाठी साठवलेला, निवृत्तीचा असतो. तो सांभाळणारं शेवटचं माणूस काउंटरवरचं आहे. त्याला चोर समजून वागवलं तर तो नियम पाळण्याचं नाटक करेल. त्याला राखणदार समजलं, हातात साधनं दिली, तर तो खरंच राखेल.

तुमच्या ऑफिसात असा कोणता नियम आहे जो पाळून काम करणंच अशक्य आहे? कळवा. ऑफिसचं नाव, साहेबांचं नाव लिहू नका, फक्त नियम लिहा. पुढच्या भागात त्यातले काही घेऊ आणि दुसरा रस्ता काय असू शकतो ते बघू. आणि हो, हे ऐकताना ऑफिसात असाल आणि चहाला उठणार असाल, तर आधी स्क्रीन लॉक करा.

भेटूया!